पटकथेचं रीरायटिंग पान २० च्या पुढे सरकतच नाही, त्यात चवथ (गणेश चतुर्थी) आली, काय करू?

फोंडेकरीण: नमस्कार. मी फोंड्याची, नोकरी पणजीत, रोज कदंबाच्या बसने जाऊन येऊन. माझी पटकथा १२४ पानांची झालीय, निर्माते म्हणतात १०५ च्या आत आणा, तारीख ३० सप्टेंबर. गोष्ट डिचोलीकडच्या एका टिपरवाल्या, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकवाल्या घराची, कर्ज काढून ट्रक घेतात आणि खाणी बंद होतात, २०१२ ची बंदी आहे आणि २०१८ ची पण. रात्री साडेदहाला सगळं आवरून लॅपटॉप उघडते, काल काय केलं ते आठवत नाही म्हणून पहिल्या पानापासून वाचते, वाचता वाचता संवाद नीट करत बसते आणि विसाव्या पानापर्यंत डोळे मिटतात. पहिली वीस पानं चकाचक, पुढचं फेब्रुवारीपासून तसंच पडून. आता चवथीला पाच दिवस मूळ घरी, सासूबाईंचा गुडघा धरलाय त्यामुळे नेवऱ्या म्हणजे करंज्या, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान, सगळं माझ्यावर. चवथ मला मनापासून हवी आहे, पण पटकथाही तेवढीच हवी आहे हो.

म्हापशाहून: आधी संवादांना हात लावणं बंद करा. इकडची ओळ तिकडचा शब्द काढून फार तर तीन-चार पानं जातील, तुम्हाला १९ घालवायचीत, म्हणजे सीनच जायला हवेत. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, निर्माते पावणेदोन तासांचा सिनेमा मागतायत एवढंच. वहीत प्रत्येक सीनची एक ओळ लिहा, कोणाला काय हवंय आणि सीन संपताना काय बदललं. जिथे काही बदललं नाही तिथे फुली. हे बसमध्ये होतं, लॅपटॉप लागत नाही. आणि एक विचारतो, दोन्ही बंदींच्या वेळी घरात वेगळं काय घडतं?

फोंडेकरीण: खरं सांगायचं तर तेच घडतं. बँकवाला येतो, आई रडते, भाऊ ओरडतो. दोनदा.

साखळीकार: ताई, आमच्या दारात ट्रक होता म्हणून लिहितोय. २०१२ मध्ये सरकारचा आदेश आला १० सप्टेंबरला आणि चवथ होती १९ ला. पावसात ट्रक उभेच असतात, चवथ झाली की सीझन सुरू, त्या हिशोबाने लोकांनी उधारीवर टायर घातलेले. सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने. मग ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने पण थांबवलं. तुमच्याकडे चवथीचा सीन आहे का? वर माटोळी बांधतायत आणि दारात नवे टायर घातलेला ट्रक, यातच सगळं येतं, बँकवाला कशाला हवा! २०१८ वेगळं होतं. फेब्रुवारीत कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली, मार्चच्या मध्याला काम थांबलं, तेव्हा आमच्या घरी कोणी रडलं नाही. बाबांनी ट्रकची बॅटरी काढून आत आणून ठेवली आणि जेवायला बसले. तिथे परत तेच रडणं लिहिलंत तर आमच्या गावात कोणाला पटायचं नाही.

मडगावची शिक्षिका: तारखेचं सांगते. निर्मात्यांना आजच कळवा, २९ ला नको. वन-लायनर, म्हणजे सीनच्या त्या एकेक ओळी, ठरल्या दिवशी देते, पूर्ण ड्राफ्टला आठ दिवस जास्त द्या, असं सरळ मागा, हातात काहीतरी पडलं की लोक थांबतात हा माझा अनुभव. मूळ घरी लॅपटॉप नेऊ नका, सगळे बोलावत राहतात आणि आपली चिडचिड होते. वही न्या. जावेला सांगून दुपारचा एक तास मागून घ्या, मी एकांकिका लिहायचे तेव्हा माझ्या जावेने मुलं सांभाळलेली, नुसतं विचारायचा अवकाश होता.

फोंडेकरीण: दोन दिवस बसमध्ये ६८ सीन उतरवले. ११ मध्ये बँक! त्यातले आठ काढतेय, २०१८ दोन पानांत, जवळपास संवादाशिवाय. निर्मात्यांनी आठवडा दिला. साखळीकार, बॅटरीचं मी वापरू का? तुमच्या घरातलं आहे, बाबांना विचारून सांगा, नको म्हणाले तर नाही घेणार.

साखळीकार: विचारलं. वापर म्हण तिला, म्हणाले. फक्त बॅटरी बाहेरच्या सोप्यावर दाखवू नका, मागच्या पडवीत लाकडांजवळ ठेवली होती, वर गोणपाट घालून.