डार्क, मिल्क, व्हाइट, कंपाउंड: वितळताना प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाच्याच्या मुंजीला वाटायला घरची चॉकलेटं करून न्यायची आहेत. मुंज मे महिन्यात नागपूरला, आम्ही पुण्याहून जाणार. सध्या ट्रायल चालू आहे पण प्रत्येक चॉकलेट वेगळंच वागतंय.

डार्क (पाकिटावर कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांमधलं फॅट, लिहिलंय) डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून) छान गुळगुळीत वितळतं, पण मोल्डमधून काढल्यावर चमक नाही, हातात धरलं की लगेच मऊ आणि दोन दिवसांत वर करड्या रेघा. मिल्क त्याच्याही आधी मऊ पडतं. व्हाइट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर वरून चौकोन जसेच्या तसे दिसतात आणि आतून करपलेले निघतात. कंपाउंडचं (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट घातलेलं चॉकलेट) मात्र काही टेन्शनच नाही, वितळवा, ओता, झालं, चमक पण मस्त, फक्त चव मेणासारखी वाटते आणि ती माझ्या बहिणीला अजिबात चालणार नाही. डार्क आणि कंपाउंड अर्धं अर्धं मिसळलं तर जमेल का? आणि नागपूरपर्यंत टिकेल असं काय करू? प्लीज जरा सविस्तर सांगा, मनापासून करायचंय हे.

प्रतिसाद १
ताई, मी घरून चॉकलेटच्या ऑर्डरी घेते म्हणून सांगते, पहिलं म्हणजे मिसळू नका. कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा पाम कर्नेलचं वनस्पती तूप असतं, त्याचं आणि कोको बटरचं पटत नाही, दोन्ही एकत्र आले की चॉकलेट नीट कडक होत नाही आणि पांढरं पण लवकर पडतं.

आता डार्कचं. कोको बटर गोठताना सहा प्रकारचे स्फटिक होऊ शकतात. नुसतं वितळवून ओतलं की कच्चे स्फटिक होतात, काही तर २७-२८ अंशालाच वितळतात, म्हणून हातात मऊ. आपल्याला हवा तो पाचवा प्रकार, तो साधारण ३४ पर्यंत टिकतो आणि चमक, टक्कन तुटणं सगळं त्याच्यामुळेच. त्यासाठी टेम्परिंग करावं लागतं, म्हणजे वितळवलेलं चॉकलेट ढवळत ठरावीक तापमानाला आणायचं. डार्क ४५-५० पर्यंत वितळवा, त्यातलं एक तृतीयांश चॉकलेट आधीच बारीक चिरून बाजूला ठेवलेलं असू दे, ते थोडं थोडं घालत ढवळत ३१-३२ ला आणा आणि मग ओता. मिल्क २९-३० ला, व्हाइट २८-२९ ला, कारण दुधातल्या फॅटमुळे ते मुळातच मऊ असतात. थर्मामीटर घ्याच, अंदाजाने होत नाही हे. आणि खोलीत एसी हवा, २०-२२ अंश.

व्हाइटमध्ये दूध पावडर आणि साखर भरपूर, ती लवकर करपते. अर्ध्या पॉवरवर १५-२० सेकंद, बाहेर काढा, ढवळा, परत ठेवा. दिसण्यावर जाऊ नका, चौकोन आकार धरून ठेवतात, चमचा घातल्यावरच कळतं. आणि भांडं एकदम कोरडं हवं, पाण्याचा थेंब गेला तर साखर ओली होऊन सगळ्याचा दाणेदार गोळा होतो.

मूळ धागाकर्ती
खूप खूप धन्यवाद! एकदा व्हाइटचा असा गोळा झालाय, तो अजून डब्यात आहे, काही करता येईल का? आणि प्रवासाचं सांगा ना कोणीतरी.

प्रतिसाद २
गोळ्यात गरम दूध किंवा क्रीम चमचा चमचा घालून घोटा, सैल होईल, मोल्डला नाही चालणार पण केकवर ओतायला छान.

प्रवासाचं स्पष्टच सांगतो, मी नागपूरचाच. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, ३४ ला वितळणारी वस्तू मांडवात ताटात ठेवून चालणार नाही, टेम्परिंग कितीही चांगलं असलं तरी. रात्रीच्या एसी गाडीने या, चॉकलेटं हवाबंद डब्यात आणि तो डबा थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पॅकसोबत. पोचल्यावर डबा एसी खोलीत तसाच बंद राहू द्या, थंडपणा गेला की मगच उघडा, नाहीतर वर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर येतो. वाटायची वेळ आली की थेट खोलीतून पाहुण्यांच्या हातात. मांडवात मांडायचीच असतील तर तेवढ्यापुरती कंपाउंडची करा, त्यातलं कडक फॅटवालं घ्या, आत भाजलेले बदाम घातले की मेणाची चव बरीच झाकली जाते. तुमच्या बहिणीसाठी डार्क वेगळं ठेवा.