सल्ला हवा: लेकीसाठी रिकर्व्ह धनुष्य घ्यायचं की आधी तिरंदाजी संघटनेचं बघायचं?

डिचोलीचो_बापूय
लेक १३ वर्षांची. दीड वर्ष इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्याचा स्पर्धाप्रकार, खेळते. आता सर म्हणतात रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घ्या, खर्च लाखाच्या वर. त्यात चतुर्थी तोंडावर! गेल्या वर्षी एका क्लासने 'राष्ट्रीय' स्पर्धेला नेलं. प्रवेश फी, प्रवास, जर्सी, सगळं आम्हीच भरलं. पदक आलं, पण ते प्रमाणपत्र शाळेत कुणी हातातही घेतलं नाही. राष्ट्रीय संघटना अशा मुलांना काही देते का? निदान धनुष्य?

म्हापशाची_मावशी
धनुष्य विसरा. भाच्याच्या मागे पाच वर्षं धावले, म्हणून सांगते. भारतीय तिरंदाजी संघटना थेट मुलांना ओळखत नाही, राज्य संघटनांना ओळखते. आधी जिल्हा, मग राज्याची निवड चाचणी, मग राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा. संघटना ती स्पर्धा भरवते, भारताच्या संघासाठी चाचण्या घेते. पुढचं शिबिर, परदेश दौरा हे केंद्राच्या क्रीडा खात्याच्या पैशातून, पण तिथवर पोचलेल्यांसाठी. थिवीहून रेल्वेचं तिकीट आमचं आम्हीच काढलं.

आणि त्या क्लासला एकच विचारा, स्पर्धा कुणाच्या मान्यतेची? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे देऊ नका.

डिचोलीचो_बापूय
गुळमुळीतच होतं. मीच विचारलं नाही.

सत्तर_मीटर
सीनियर रिकर्व्ह ७० मीटरवरून, १८ वर्षांखालील ६० वरून. तेरा वर्षांच्या मुलीला घाई नको. वाढतं वय आहे, आज घेतलेली पाती (धनुष्याचे वाकणारे दोन भाग) वर्षभरात हलकी पडतील. रायझर (मधला मुठीचा भाग) चांगला घ्या, पाती स्वस्तातली, १८-२० पाउंडांच्या ओढीची, जमेल तशी ओढ वाढवा. पूर्ण किट एकदम घ्या म्हणणाऱ्या सरांचं दुकानदाराशी काय नातं, तेही बघा (सगळे तसे नसतात, पण बघा).

फोंड्याचा_प्रेक्षक
कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, का नको? साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी, २०२३ मध्ये, बर्लिनला जगज्जेती झाली ती कम्पाउंडवर. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही कम्पाउंड येतंय.

सत्तर_मीटर
येतंय, पण फक्त मिश्र सांघिक (एक पुरुष, एक महिला). आणि ते रिकर्व्हहून महाग.

जुना_नेमबाज
संघटनेवर सगळा भार टाकू नका, एवढंच. वर दोन गट भांडले आणि २०१९ मध्ये जागतिक संघटनेने आपली संघटना निलंबित केली. त्या वर्षी बँकॉकला आपली पोरं तिरंग्याशिवाय खेळली, दीपिका कुमारीने ऑलिंपिकचा कोटा (प्रवेशाची जागा) तटस्थ झेंड्याखाली मिळवला. २०२० मध्ये निवडणूक झाली, मग गाडी रुळावर आली. तेव्हा संघटनेचा रस्ता धरा, पण शालेय स्पर्धा आणि 'खेलो इंडिया'च्या चाचण्याही सोडू नका. तेही दरवाजे आहेत.

म्हापशाची_मावशी
जन्मदाखल्याच्या चार प्रती काढून ठेवा. वयोगटाच्या पडताळणीत आमचा भाचा एकदा त्यावरच अडकला होता, नावातल्या एका वेलांटीपायी.

डिचोलीचो_बापूय
देव बरें करूं सगळ्यांचं. सोमवारी जिल्हा संघटनेच्या सचिवांना भेटतो, दाखला घेऊन. पाऊस जाईपर्यंत बांबूच. तोवर कुणाकडे उजव्या हाताचा, २३ इंची, वापरलेला रायझर असला तर मेसेज करा. डिचोली ते पेडणे कुठूनही येऊन घेईन.