मदत हवी आहे: उजेड असलेलं बोलिंगचं ठिकाण

शनिवारी आम्ही सहा जण, त्यातले चौघे कर्णबधिर (मीही), पणजी-म्हापसा भागात बोलिंगला (चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ) जायचं म्हणतोय. मागच्या वेळी गेलो तिथे संध्याकाळ होताच दिवे मंद करून रंगीत झगमगाट सुरू केला. गाण्यांचा आम्हाला काय त्रास! पण हात आणि चेहरा दिसला नाही की आमच्या गप्पाच बंद. दोन ठिकाणी मेसेज केला, उत्तर आलं, "फोन करा." भावाने केला, तर फक्त दर सांगितले.

दुभाषी नको, दहा फ्रेमचे (फेऱ्यांचे) गुण पडद्यावर दिसतातच. फोंड्याहून कदंबा बसने येणार, म्हणून रात्री उशीर चालणार नाही. दुपारी पूर्ण दिवे ठेवणारं आणि मेसेजवर बुकिंग घेणारं ठिकाण कुणी स्वतः पाहिलंय का?