प्राचीन चिनी राज्ये आजच्या नकाशावर कशी दाखवावीत?

पंचवटीकर:
नमस्कार. नाशिकमधील आमचा छोटा वाचक गट सध्या चीनमधील युद्धरत राज्यांच्या कालखंडाविषयी, म्हणजे इ. स. पू. २२१ मध्ये छिनने सारा देश एकछत्री अमलाखाली आणण्यापूर्वीच्या अडीचएक शतकांविषयी, वाचत आहे. बैठकीसाठी मी भिंतीवर लावण्याजोगा नकाशा करीत असून, छिन, छी, छू, यान, हान, चाओ आणि वेइ या सातही राज्यांना आजचा एकेक प्रांत जोडून द्यावा, असा विचार होता. परंतु त्यांच्या राजधान्यांपैकी हान्दान आणि श्यानयांग ही नावे आजच्या नकाशात सापडतात, यिंग आणि दालियांग मात्र सापडत नाहीत. ती शहरे कोठे गेली?

गंगापूररोडवासी:
राज्याला प्रांत जोडण्याचा विचार आपण सोडून द्यावा, असे मी सुचवेन. या राज्यांच्या सीमा सतत सरकत होत्या. राजधानीचा ठिपका आणि त्याखाली वर्ष, एवढेच खात्रीने दाखवता येते. छीची लिन्झी आज शानदोंगमधील झिबो शहराचा एक भाग आहे, चाओची हान्दान हेबेइच्या दक्षिण भागात आहे, आणि यानची 'जी' नावाची राजधानी आजच्या बेइजिंगच्या नैर्ऋत्य भागात होती. हानने इ. स. पू. ३७५ मध्ये चंग राज्य जिंकून त्याचीच राजधानी आपली केली; ते शिनचंग आज हेनान प्रांतात आहे.

खरी अडचण छूची आहे. छूची राजधानी यिंग; तिचे अवशेष हुबेइमधील जिंगचौ शहराजवळ आहेत. इ. स. पू. २७८ मध्ये छिनचा सेनापती बाइ छी याने ते घेतल्यावर छूचा दरबार आधी आजच्या हेनानमधील ह्वाइयांगला आणि इ. स. पू. २४१ मध्ये आन्ह्वेइमधील शौ तालुक्याच्या परिसरात गेला, आणि तेथेही राजधानीला यिंगच म्हणत. तेव्हा छूसाठी तीन प्रांतांत तीन ठिपके द्यावे लागतील.

सिडको, नाशिक:
दालियांग म्हणजे आजचे कायफंग. वेइची राजधानी पूर्वी शान्शीच्या दक्षिणेकडील आन्यी येथे होती; इ. स. पू. चौथ्या शतकात ती येथे आणली गेली. इ. स. पू. २२५ मध्ये छिनचा सेनापती वांग बन याने नदीचे पाणी शहरावर सोडले आणि तटबंदी खचल्यावर वेइने शरणागती पत्करली. पुढे उत्तर सोंग घराण्याची राजधानी याच जागी होती, आणि १६४२ मध्ये वेढा पडलेला असताना पीत नदीचे बांध फोडले गेल्याने शहर पुन्हा बुडाले. परिणामी जुनी शहरे गाळाच्या थरांखाली एकावर एक दबलेली आहेत. ठिपका कायफंगवर द्यावा, पण वर दिसते ते दालियांग नव्हे. आणखी एक सूचना : आजच्या नकाशावरील पीत नदी जशीच्या तशी उतरवू नये. तिचा सध्याचा उत्तरेकडील प्रवाह १८५५ च्या पात्रबदलानंतरचा आहे.

पंचवटीकर:
आभारी आहे. मग प्रांतांची नावे अजिबातच घालू नयेत का?

गंगापूररोडवासी:
फिक्या शाईत घालावीत. जुन्या राज्यांची आठवण प्रांतांनी जपली आहे खरी, पण ती सीमांना धरून नाही. आपल्या गाडीवर 'एमएच १५' असते, तसे शानदोंगच्या गाड्यांवर 'लू' हे अक्षर असते. लू म्हणजे कन्फ्यूशियसचे राज्य, राजधानी छूफू. वास्तविक त्या प्रदेशातील बलाढ्य राज्य छी होते, परंतु मान लूला मिळाला. शान्शीच्या गाड्यांवरील 'जिन' हे तर ज्याची फाळणी होऊन हान, चाओ आणि वेइ निर्माण झाली, त्या राज्याचे नाव आहे. या तिघांचा प्रदेश शान्शीबाहेर हेबेइ आणि हेनानमध्येही पसरलेला होता.

प्रांत लिहिताना शान्शी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. आन्यी पूर्वेकडच्या शान्शीत येते आणि छिनची श्यानयांग, जिथे इ. स. पू. ३५० मध्ये राजधानी हलली, ती पश्चिमेकडच्या शान्शीत, शीआन शहराला लागून. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नावापुढे 'पूर्व' आणि 'पश्चिम' असे लिहून टाकावे.