टाकीत हायड्रोजन भरून ठेवणाऱ्या शेजाऱ्यास

खाडीकाठचा
परवा 'सौरवेडा' यांनी इथे लिहिलं: "छपरावर पॅनेल, खाली कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात दोन स्टीलचे पत्रे. दिवसभर गॅस तयार होतो, ५०० लिटरच्या काळ्या टाकीत साठवतो, रात्री शेगडी पेटवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज नाही, सिलेंडर नाही, असे दिवस काढलेत. आता कुणाचे पाय धरायला नकोत." खाली सगळ्यांचे अंगठे. एकानेही विचारलं नाही की अहो, टाकी ठेवलीय कुठे? तर स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत. फोटोत मागे फ्रिज दिसतोय.

माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, सत्तावीस वर्षं. तुमच्या फोटोत दोन्ही पत्र्यांचा गॅस एकाच नळीतून टाकीत जातोय. याचा अर्थ टाकीत नुसता हायड्रोजन नाही, दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन आहे. पेटायला बाहेरची हवासुद्धा नको. हे मिश्रण साठवायचंच नसतं, एक बादलीसुद्धा नाही. एलपीजी हवेत साधारण २ ते ९ टक्के असला तरच पेटतो, हायड्रोजन ४ ते ७५ टक्के, कुठेही. ठिणगी लागते ०.०२ मिलीज्यूलची, एलपीजीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. घरी केलेल्या या गॅसला वास नाही, कारण सिलेंडरला वास येतो तो मर्कॅप्टनचा, आणि ते कंपनीत मिसळतात, तुमच्या पडवीत नाही. आणि दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही.

सौरवेडा
काका, भाषण छान. माझं घर कौलारू. हायड्रोजन सगळ्यांत हलका, गळला तर कौलांतून वर जातो. तुमचा एलपीजी जमिनीवर साचून बसतो आणि सकाळी बाई काडी लावते. धोका कुणाचा जास्त? शिवाय आपल्याकडची हवा इतकी दमट की स्वेटर काढला तरी चटका बसत नाही. ठिणगी कुठून आणताय? तीन महिने झाले, काही झालेलं नाही.

खाडीकाठचा
ठिणगी फ्रिज आणतो. रिले टक करतो ना, तेवढी पुरते. आणि कौलांतून जातो हे टाकीबाहेरच्या गॅसचं झालं. टाकीतल्याचं काय?

गणिताचे_सर
धोका राहू दे, हिशोब बघा. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिट ऊर्जा असते. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३. म्हणजे एका सिलेंडरच्या बदल्यात साडेपाच किलो हायड्रोजन, आणि दाब न देता त्याला जागा लागेल ६० हजार लिटर. यांची टाकी ५०० लिटर, त्यातला एक तृतीयांश ऑक्सिजन. उरलं जेमतेम एक युनिट. इंडक्शनवर अर्धा तास. डाळ शिजेल, भाताचं बघा.

सौरवेडा
चहा तरी होतो ना, सर. वादळात तोही नव्हता.

रेवदंडेकर
सोडा कशाला घेता? समुद्र दारात आहे, खारं पाणीच वापरा की.

गणिताचे_सर
नको! मिठाच्या पाण्यातून दुसऱ्या पत्र्यावर क्लोरीन निघतो. हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र असताना नुसतं ऊन पडलं तरी भडका होतो. हे बारावीला शिकवतो मी. पोरं तेव्हा झोपलेली असतात.

इन्व्हर्टरवाली_मावशी
सगळे त्या सौरवेड्यावर तुटून पडलात, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीतूनही चार्जिंगला हाच गॅस निघतो हे किती जणांना माहितीय? आमच्या ह्यांनी बॅटरी जिन्याखालच्या कपाटात कोंडली, वर दार, दारावर कॅलेंडर. पाणी भरायला दार उघडलं, वर बल्बचं बटण दाबलं, फट्ट. बॅटरीचं झाकण छताला. ह्यांच्या शर्टाला इतकी भोकं की चाळण. डोळे वाचले ते चष्म्यामुळे.

मालवणी_झील
एवढो बाऊ कित्याक? घरात गॅस करणा नवीन नाय. आमच्या आज्याकडे कार्बाईडची बत्ती होती. खाली खडे, वर पाणी, थेंब थेंब पडता नि भगभग पेटता. रात्री कुर्ल्यो पकडूक जाय. काय एक झाला नाय. नव्वद वर्षां जगलो.

चाकरमानी_लोअरपरळ
कार्बाईडचं नाव काढलंत म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये देवगड हापूसची पेटी म्हणून घेतली. वरून पिवळीधमक, कापली तर आत पांढरी आणि आंबट. ही कार्बाईडचीच करामत. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याने फळं पिकवायला बंदी आहे, तरी तुमचे आंबेवाले पुड्या घालतात. हायड्रोजन नंतर बघा, आधी लोकांना विष देणं थांबवा.

आंबेवाली_देवगड
"तुमचे आंबेवाले" म्हणजे कोण? आमच्याकडे फळ चौदा आणे झाल्याशिवाय झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावत नाही, देठ ठेवून उतरवतो, पेंढ्यात आढी घालतो, रोज हात घालून बघतो. पुडी वाटेत पडते, बाजारात पडते. तुम्हाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात हापूस हवा, तोही स्वस्त. मग पुडी कोण घालायला लावतं?

चाकरमानी_लोअरपरळ
वा! ग्राहकाचाच दोष. पेटीवर देवगड छापलेलं असतं, आत काय असतं देवाला माहीत.

आंबेवाली_देवगड
२०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे. नोंदणीकृत बागायतदाराकडून घ्या. पण ते करायला फोन उचलावा लागतो, फुटपाथवरची पेटी टॅक्सीत टाकणं सोपं.

मालवणी_झील
बाय माझे, कार्बाईड आमच्या वाडीतय घालतत. खोटा कित्याक बोलतंस?

आंबेवाली_देवगड
घालतात ते घालतात. नाव घेऊन सांगा, माझ्या बागेत येऊन दाखवा. फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूच्या खोल्या आहेत, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे, खर्च कोण करणार? साका पडला, म्हणजे आतला गर पांढरा भुसभुशीत निघाला, की माझ्या माथी, आंबट लागला की माझ्या माथी, माकडांनी खाल्ला तरी माझ्याच माथी!

खाडीकाठचा
अरे, धागा कुठला आणि आंबे कुठले! पण त्या कार्बाईडवरूनच सांगतो. कार्बाईडवर पाणी पडलं की निघतो तो ॲसिटिलीन गॅस; वर्कशॉपमधली त्याची बाटली आतून रिकामी नसते. सच्छिद्र दगडासारखा मसाला भरलेला असतो, त्यात ॲसिटोन, त्यात गॅस विरघळवलेला. कारण हा गॅस नुसता दाबला तर हवा नसतानाही आपणहून फुटतो. आज्याची बत्ती चालली, कारण ती गॅस करायची आणि लगेच जाळायची. साठवत नव्हती.

आणि आता मला कुणी "काही झालेलं नाही" सांगू नका. जत्रेतल्या एका फुगेवाल्याने माझ्याकडे जुनी टाकी आणली होती. आत कॉस्टिक आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तो गॅस करायचा. तोंडाच्या आटीवर सोडा चुन्यासारखा बसलेला, हातोडीने टकटक केलं तर गंजाच्या खपल्या गळायच्या. बूड दाबलं तर अंगठ्याखाली लवतंय. म्हणाला, नुसता टाका मार, काका, शंभर देतो. मी हाकलला. दुसऱ्या कुणीतरी मारला टाका. जत्रेच्या रात्री बूड निघालं, टाकी मांडवाचा पत्रा फाडून गेली. त्याची दोन बोटं गेली. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाला, तुम्ही नीट मारला असतात तर फुटली नसती. अजून झोपताना आठवतं.

सौरवेडा
माझ्या टाकीला दाब नाही, काका. फुगेवाल्याशी तुलना नको. हायड्रोजन भरलेलं ते जळालेलं विमानासारखं जहाज, हिंडेनबर्ग हिंडेनबर्ग म्हणून घाबरवतात, १९३७ ला त्यात ९७ माणसं होती, ६२ जगली.

गणिताचे_सर
उरलेल्या ३५ जणांना विचारा. आणि जमिनीवरचा एक गेला तो वेगळा. त्यात तर नुसता हायड्रोजन होता, तुम्ही ऑक्सिजनपण घरचाच घातलाय.

इन्व्हर्टरवाली_मावशी
घरात लहान मूल आहे का हो तुमच्या?

सौरवेडा
आहे. पाच वर्षांची. पडवीतच खेळते.

खाडीकाठचा
पॅनेलची वायर आत्ता वर पॅनेलपाशीच सोडवा, टाकीपाशी नाही. पेटवून संपवायला जाऊ नका. फ्रिजचा प्लग काढूबिढू नका, तिथे कुठलंच बटण दाबायचं नाही, मेन मीटरपाशी बंद करा. नळीचं टोक बाहेर अंगणात न्या आणि खालून टाकीत पाणी भरा, गॅस वरून निघून जाईल. घरातले सगळे तोवर बाहेर.

सौरवेडा
झालं. पाणी भरलं. बायको म्हणते काकांना नारळ पाठव. मी पाठवणार नाही. पॅनेल बॅटरीला लावतोय, मावशींच्या कपाटात नाही, उघड्या पडवीत. पण पुढच्या वादळात सिलेंडर संपला तर तुमच्याच दारात पातेलं घेऊन उभा राहीन, हे लिहून ठेवा.

खाडीकाठचा
या. चहापत्ती घेऊन या.

चाकरमानी_लोअरपरळ
आंबेवाली ताई, आढीतल्या पाच डझनच्या पेटीचा भाव काय?

आंबेवाली_देवगड
तुम्हाला द्यायची नाही.

चाकरमानी_लोअरपरळ
अहो, आगाऊ पैसे देतो.

आंबेवाली_देवगड
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करा. त्याआधी केलात तर उचलणार नाही.