सॅन स्टॉर्म घ्यायची आहे: म्हापशाची की पुण्याची? (बजेट साडेतीन लाख)

कुडाळकर_झील (१२ फेब्रुवारी, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. कॉलेजात असताना पणजीला एकदा लाल सॅन स्टॉर्म (गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार) बघितली होती, तेव्हापासून डोक्यात बसलीय. आता दोन गाड्या समोर आहेत.

१) म्हापसा. २००३ ची नोंदणी, कापडी छत, मूळ रेनॉचं १.२ इंजिन. पासिंग (आरटीओची नोंदणी) २०२३ ला संपलंय, पुढे केलेलं नाही. मागतोय सव्वादोन लाख.
२) पुणे. २००५ ची, पासिंग २०३० पर्यंत, रंग झकास. इंजिन बदलून मारुती झेनचं घातलंय. मागतोय सव्वातीन.

वापर म्हणजे रविवारी सकाळी कुडाळ ते वेंगुर्ला, फार तर परुळे-भोगवे. पावसाळ्यात पडवीत झाकून ठेवणार. दुरुस्ती, कागद सगळं धरून साडेतीन लाख, त्यावर एक रुपया नाही. कृपया थार सुचवू नका, घरात बोलेरो आहे.

थारवाला_चिपळूण
थार घे. कापडी छताची जुनी सीआरडीई. छप्पर काढलं की तीच हवा, तेच ऊन. वर डिझेल, वर फोर बाय फोर. साडेपाच-सहापर्यंत चांगली मिळेल.

कुडाळकर_झील
दादा, बजेट वाचलंत का?

थारवाला_चिपळूण
वाचलं. थोडं ताणायचं. मी पण ताणलं होतं.

पुणे_तिथे
पुण्याची डोळे झाकून घे. कोरड्या हवेतली गाडी आहे, खालून गंज नसणार. झेनचे पार्ट कुठल्याही गॅरेजात मिळतात. रेनॉचं ते डी७एफ इंजिन, ११४९ सीसी, युरोपात क्लिओ-ट्विंगोत असायचं. इथे त्याचा सेन्सर गेला तर काय करणार आहेस? पार्सल मागवून कस्टम भरणार?

लोगनकाका
पार्टची चिंता नको. रेनॉच्या लोगनचे बसतात. माझी लोगन २००८ ची आहे, आजपर्यंत एकदाही बंद पडलेली नाही. रेनॉ ती रेनॉ.

पुणे_तिथे
काका, लोगनला पेट्रोलमध्ये १.४ आणि १.६ होतं, ती के सिरीज. हे १.२, डी सिरीज. कुटुंब वेगळं. फिल्टर, प्लग असलं काही जुळलं तर जुळलं.

लोगनकाका
मी बसवून बघितलेलं नाही, पण बसेल. इंजिन भारी आहे एवढंच म्हणतो.

सुसाट_स्विफ्ट
साठ हॉर्सपॉवरच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का पण? माझ्या स्विफ्टला त्याहून जास्त आहे.

खारावारा
तुझ्या स्विफ्टचं छप्पर काढून वेंगुर्ल्याला जा आणि मग सांग. जमिनीला टेकून बसलं की साठचा वेगसुद्धा शंभरासारखा वाटतो. मी आठ वर्षं एक जर्मन कन्व्हर्टिबल सांभाळली, नाव घेत नाही. छताच्या कडेला पाणी वाहून जायची भोकं असतात, त्यात सुरूची पानं अडकली. दोन दिवस बाहेर उभी होती. सगळं पाणी डिकीत, तिथेच छताची मोटर. ती मोटर बदलण्याच्या खर्चात तुझी म्हापशाची गाडी येईल. कापडी छत हाताने उघडायचं असेल तर ते सुखाचं, हे लक्षात ठेव.

थारवाला_चिपळूण
कापडी छताबद्दल एक सांगायचं राहिलं. माकडं. मागच्या वर्षी फणसाच्या दिवसांत चार वांदर छतावर बसले, एकाने प्लास्टिकची खिडकी नखाने अशी उभी फाडली की आतल्या सीटवर फणसाचे गरे. पडवी उघडी असेल तर जाळी मार.

पुणे_तिथे
म्हणजे तुम्हीच सांगताय की कापडी छत नको, आणि तुमच्याकडे कापडी छतच आहे.

थारवाला_चिपळूण
थारचं छत बदलून मिळतं. स्टॉर्मचं शिवून घ्यावं लागेल.

रापणकार
बॉडयेची चिंता करू नको. फायबर तो फायबर, होडी काय नि गाडी काय! माझ्या होडयेक दर वर्षी मॅट-रेझिन मारतंय. तडो गेलेलो असलो तर तो आधी ग्राइंडरान रुंद करूचो, वरच्यावर लेप मारलो तर सा म्हयन्यात परत दिसतलो. वेंगुर्ल्याक, मालवणाक ह्या काम करणारे खंयव गावतले. पण मे म्हयन्याच्या आधी कर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्यांच्यो होडये किनाऱ्यार येतत, मग तुझ्या गाडयेक कोण विचारणा नाय. आणि पावसात रेझिन बरोबर सुकणा नाय.

खरो घोटाळो खालच्या लोखंडी सांगाड्यात. वरचा फायबर नव्यासारख्या, आणि खाली सगळा मीठ खाल्लेला. म्हापशाची गाडी जॅकवर घे, खाली झोप, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीन ठोकत जा. "ठण" वाजला तर बरा. "थप" वाजला तर उठ आणि घराक ये.

खारावारा
रापणकारांशी शंभर टक्के सहमत. भर घालतो: खाली ताजं काळं डांबर मारलेलं दिसलं तर जास्तच सावध. विकायच्या आधल्या आठवड्यात कोणी हौसेने डांबर मारत नाही.

देवगडी
गोव्यात बनलेली गाडी आहे, तिला खारं वारं सोसतं. उगाच घाबरवू नका.

खारावारा
गोव्यात बनली म्हणून लोखंडाला गोव्याचं रक्त येतं का हो?

आरटीओच्या_फेऱ्या
कागदांवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी स्वतः गोव्याची गाडी एमएच-०७ (सिंधुदुर्ग) वर आणलीय, चपला झिजल्यात.

म्हापशाची गाडी: पासिंग उशिरा केलं की मोटारीला महिन्याला ५०० रुपये दंड. तीन वर्षं म्हणजे ३६ महिने, १८,००० झाले. वर नूतनीकरणाची फी. हे सगळं गोव्यात आधी कर, गाडी तिथे तपासणीला उभी कर, मग फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला), मग इकडे फॉर्म २७ ने नवीन नंबर, महाराष्ट्राचा कर, पर्यावरण कर, नवीन नंबरप्लेट. क्रम चुकवू नको. एनओसीशिवाय गाडी इकडे आणलीस तर ती शोभेची वस्तू.

पुण्याची गाडी: आरसीवर इंजिन नंबर कुठला आहे? इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत व्हायला लागते. नसेल तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नको.

सुसाट_स्विफ्ट
नूतनीकरण ५,००० ला होतं. माझ्या मामाच्या एस्टीमचं झालंय.

आरटीओच्या_फेऱ्या
मामांचं कधी झालं? ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. म्हणजे दंडासकट २८,००० फक्त पासिंगचे.

देवगडी
व्हिंटेजमध्ये नोंदवा, सगळं माफ.

आरटीओच्या_फेऱ्या
व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. ही अजून पंचविशीत नाही.

लोगनकाका
विमा विसरू नका. १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टी ३,४१६ रुपये. माझ्या लोगनलाही तेवढाच.

खारावारा
आणि ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं). त्या काळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या त्यासाठी नव्हत्या. घेतल्या घेतल्या सगळ्या नळ्या बदल. टायमिंग बेल्ट पण, किलोमीटर किती का असेनात. रबर वर्षं मोजतं.

कुडाळकर_झील (१ मार्च)
पुण्याला जाऊन आलो. रंग खरंच सुरेख. खालून पण साफ. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही. मालक म्हणाले, "बारा वर्षांत कोणी बॉनेट उघडून बघितलं नाही." चहा घेतला, आलो.

म्हापशाची पण बघितली. खाली झोपलो. डाव्या बाजूला मागच्या चाकापुढे तीनदा "थप". बोट घातलं, बोट आत गेलं. डांबर नव्हतं, निदान मालक प्रामाणिक. चुंबक लावून बघितलं, दारावरून सरळ खाली घसरलं, म्हणजे वर पत्र्याचं ठिगळ नाही. इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं.

पुणे_तिथे
दोन्ही सोड. पुढच्या वर्षी तिसरी येईल.

रापणकार
बोट आत गेला म्हणजे सोड.

खारावारा
सोड.

आरटीओच्या_फेऱ्या
सोड. आणि समजा घेतलीसच, तर आधी तिकडे पासिंग. परत सांगतो.

थारवाला_चिपळूण
माझ्या ओळखीत एक २०१४ ची थार आहे.

कुडाळकर_झील (९ मे)
मंडळी, घेतली. म्हापशाची. दीड लाखाला दिली.

रागावू नका. टेम्पोवर टाकून आणली. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर दारू तपासायला डिकी उघडायला लावली. उघडली, ती बंद होईना. पोलिसांनीच दोघांनी दाबून बंद केली, मग एकाने आत बसून फोटो काढला. कुडाळात सांगाड्याचे दोन तुकडे कापून नवीन वेल्ड केले, १९ हजार. नळ्या, बेल्ट, टायर मिळून २६. फायबरचं काम रापणकारांच्या माणसाने केलं, पैसे घ्यायला तयार नव्हता, शेवटी तीन हजार खिशात कोंबले. काल अंगणात पहिल्यांदा छप्पर उघडून बसलो, आई पण बसली. म्हणाली, "ह्याका वर काय नाय तर पैसे कसले दिलस?"

आरटीओच्या_फेऱ्या
टेम्पोवर आणली म्हणजे पासिंग न करता आणली?

कुडाळकर_झील
हो.

आरटीओच्या_फेऱ्या
म्हणजे आता तीच गाडी परत टेम्पोवर टाकून म्हापशाला तपासणीला नेणार. दंड दर महिन्याला चालूच. मी हे फेब्रुवारीत लिहिलंय, वर जाऊन वाच.

कुडाळकर_झील
वाचलं होतं. मालक बेळगावला चालले होते, गाडी दुसऱ्याला दिली असती. जूनच्या आत नेतो.

लोगनकाका
अभिनंदन! एअर फिल्टर लोगनचा बसतो का बघून कळव.

सुसाट_स्विफ्ट
झिरो टू सिक्स्टी किती लागतो?

कुडाळकर_झील
अंगणात कसं सांगू?

एक तातडीचं. छत लावताना समोरच्या काचेवरचा उजवीकडचा हूक हातात आला. पडवीत आंब्याच्या पेट्या आहेत, गाडी आठ दिवस अंगणातच. वेंगुर्ल्याकडे वीज चमकतेय.

थारवाला_चिपळूण
थारला असले हूक नसतात.

रापणकार
नायलॉनची दोरी घे, छताच्या कडयेतसून घालून आरशाच्या बुंध्याक गाठ मार. वरसून ताडपत्री, पण ताडपत्री काचेक चिकटवू नको, मधी काठी घाल. हूक टाकू नको, सकाळी घेवन ये. होडयेच्या झाकणाचो तसोच येता.