एकादशीला मोबाइल बंद, द्वादशीला दुप्पट. काय करावं?

खानापूरकर: घर माळकऱ्यांचं. एकादशीला रील आणि यूट्यूब बंद, फोन फक्त बोलायला, असं ठरलंय. दिवसभर जमतं. पण दहावीतला मुलगा रात्री बारा वाजायची वाट बघत जागतो, आणि द्वादशीला मोठी माणसंही कालचं सगळं भरून काढतात. हा मार्गच चुकला का? शास्त्रात याला काही आधार आहे का?

माळकरी, निपाणी: राम कृष्ण हरी. मार्ग चुकलेला नाही, अर्धा राहिलाय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 59वा श्लोक बघा. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांचा 'रस', म्हणजे गोडी, मागे उरते. त्याहून श्रेष्ठ काही दिसलं की मगच ती जाते. तुमच्याकडं द्वादशीला होतंय ते हेच. पुढचे 62-63 पण वाचा: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग कामना, मग क्रोध. हातातला फोन काढून घेतल्यावर पोरगा भडकतो तो या क्रमानं. त्याला उद्धट म्हणून झोडपू नका. फोन हातात यायच्या आधीच, चिंतनाच्या पायरीवर अडवायला हवं.

आणि बारा वाजता व्रत सुटत नाही. एकादशीचं व्रत द्वादशीला सूर्योदयानंतर पारणं होईपर्यंत चालतं. हे मुलाला नीट समजावून सांगा.

रिकामा झालेला वेळ रिकामा ठेवू नका. दिवेलागणीला हरिपाठाचे अभंग चालीवर, टाळ घेऊन, सगळ्यांनी मिळून म्हणा, आणि ते रोज. नुसत्या एकादशीनं सवय बदलत नाही. सहाव्या अध्यायात (35) अभ्यास आणि वैराग्य दोन्ही सांगितलंय. छापील पोथी घ्या. मोबाइलवर बघून म्हटलं की मेसेज वरून उतरतो आणि चरण तिथंच तुटतो. तेवढा वेळ फोन पुढच्या सोप्यात, आवाज फक्त कॉलचा. चार्जरही तिथंच, उशाशी नको.

वडगाव, बेळगाव: बारा वाजण्याचं आणखी एक कारण असतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, डिजिटल वेलबिइंग, डॅशबोर्ड इथून ॲपला टायमर लावला, तर तो मध्यरात्री पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे 30 मिनिटं संपवून बारानंतर नवी 30 मिळतात. शिवाय ज्याचा फोन तोच टायमर काढू शकतो. मुलासाठी फॅमिली लिंक (पालकांनी मुलाच्या फोनवर मर्यादा घालायचं गुगलचं ॲप) वापरा, रात्री 9:30 ते सकाळी 6 'डाउनटाइम', म्हणजे फोन लॉक, ताबा तुमच्या फोनवर. पण आधी त्याच्याशी बोलून ठरवा. लपून लावलं की तो मित्राचा फोन घेतो.

यूट्यूबची हिस्टरी पुसून बंद करा, होम जवळजवळ कोरं होतं. नोटिफिकेशन कॉल, बँक आणि शाळेच्या ग्रुपपुरतं ठेवा.

चिकोडीची वाचक: मुलावरच सगळा रोख नको. श्रेष्ठ जसं वागतात तसं इतर वागतात, हेही गीतेतच आहे (3.21). आजोबा कीर्तनाच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिप तासभर सरकवत बसतात, तीही रीलच. बोट थांबत नाही, आणि निरूपण एकही पूर्ण ऐकून होत नाही. कीर्तन ऐकायचंय तर एकच निवडा, टीव्हीवर लावा, ऑटोप्ले बंद करा, पूर्वरंगापासून आरतीपर्यंत सगळ्यांनी बसून ऐका.